खुर्चीतली बाई

बोरिवलीच्या ज्येष्ठ नागरिक संघात माझे जादूगार बाबा बाई गायब करण्याच्या खेळाचा इतिहास सांगत होते.

"पॅरिसमध्ये खुर्चीतल्या बाईवर रेशमी कापड टाकलं, बाई गायब! त्या जादूगाराचं नाव लोक अजून घेतात. त्या बिचारीचं कुणी घेतं? किळस येते मला असल्या कृतघ्नपणाची!"

टाळ्या पडल्या.

"काका, तुमच्या खेळात खुर्चीत कोण बसायचं हो?" निवेदिकेने विचारलं.

वर्षानुवर्षं त्या खुर्चीखाली अंग चोरून बसून गुडघे कामातून गेलेली माझी आई, पदर सावरत, माझा हात धरून उठायला लागली.

"असायची कुणीतरी," बाबा हसले. "एक का होती! किती आल्या नि गेल्या."



आईला गायब करायला या वेळी बाबांना कापडही लागलं नाही.