तिचं मला कळतं

“काका, तुम्ही तासभर बाहेर फिरून या की,” संशोधक म्हणाला आणि त्यानं पिशवीतून चित्रांची चळत काढून टेबलावर ठेवली.

“मी काय मध्ये येतोय?” भिंगरावांनी विचारलं.

“तसं नाही. पण तुम्ही समोर असलात की काकू आधी तुमच्याकडे बघतात, मग उत्तर देतात. मागच्या वेळी तर अकरापैकी नऊ उत्तरं तुम्हीच दिलीत.”

“मी नाही देणार तर कोण देणार? तिचं मला कळतं.”

ही काही पोकळ बढाई नव्हती. टपाल कचेरीत पत्रं निवडण्यात त्यांची हयात गेली होती. कोंबडीनं पाय उमटवल्यासारखं अक्षर असलं तरी त्यांना पत्ता लागायचा. भिंगराव हे नाव तिथलंच. दोन वर्षांपूर्वी बायकोला झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. उरला एकच शब्द, ‘उद्या’. चहा हवा तरी उद्या, पंखा नको तरी उद्या. कुठला उद्या कशाचा, हे भिंगराव नुसत्या सुरावरून ओळखायचे. त्यासाठी त्यांनी शनिवारचा कॅरम सोडला, मित्र सोडले आणि तिची जीभ होऊन घरात बसले. जुन्या जोडीदाराचा फोन आला की “आता कुठलं जमतंय” म्हणून ते ठेवून द्यायचे.

आणि आता हा उपटसुंभ. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्याकडून माहिती कशी मिळवायची, याचा म्हणे अभ्यास. टेबलावर तो एक चटई अंथरायचा. तिचे तीन भाग होते, हवं, चालेल आणि नको. तो प्रश्न विचारायचा आणि बायको डाव्या हातानं एकेक चित्र उचलून हव्या त्या भागात ठेवायची. तिला वेळ लागायचा. तोवर हा दाढीवाला गप्प बसायचा, घड्याळाकडेसुद्धा बघायचा नाही. शेवटी चटईचा फोटो काढायचा.

ते गप्प बसणंच भिंगरावांना डाचत होतं. मंगळवार उजाडला की बायको कंगव्याकडे बोट दाखवायची. परक्या पुरुषासाठी स्वतःच्या बायकोची वेणी घालायची पाळी आली होती. आरशात ती हसायची आणि हे गाठ जरा जास्तच आवळायचे.

आजही तिनं काठीनं त्यांचे बूट पुढे ढकलले. “उद्या,” ती म्हणाली आणि अंगठ्यावर बोट धरून हवेत टिचकी मारली. माशी उडवावी तशी.

“जातो गं, जातो. एवढी घाई नको.”

ते गेले ते इमारतीला वळसा घालून मागच्या खिडकीशी. पडद्याच्या फटीतून चटई दिसत होती. ‘हवं’ या भागात तीन चित्रं होती. पहिलं, दाराबाहेर पडणारा माणूस. दुसरं, हसरा चेहरा. तिसरं हातानं काढलेलं होतं. चौकोन आणि कोपऱ्यांना चार पाय.

खाट!

नवरा बाहेर, चेहरा हसरा, आणि खाट. वेड्यावाकड्या अक्षरात हयात घालवलेल्या माणसाला एवढं न कळायला काय झालं? तेवढ्यात आत बायको खळखळून हसली. दोन वर्षांत ते हसू त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. भिंगरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पुढच्या मंगळवारी त्यांनी वेणी घातली नाही, आणि संशोधकाला दारातच अडवलं.

“आम्ही अभ्यासातून बाहेर पडतोय.”

“का? माझं काही चुकलं का?”

“ते तुमचं तुम्हाला माहीत.”

“काकूंना विचारलंत?”

“तिचं मला कळतं.”

आतून आवाज आला. “उद्या! उद्या!” पाठोपाठ काठी फरशीवर आपटली.

“काय म्हणताहेत त्या?”

“नको म्हणतेय.”

संशोधक नेहमीसारखा थांबून राहिला. पण भिंगराव काही चित्र ठेवणार नव्हते. शेवटी त्यानं कागद पुढे केला आणि ‘च्या वतीने’ या शब्दांखाली त्यांनी झोकदार सही ठोकली.

“हे त्यांचे फोटो,” जाताना तो लिफाफा देत म्हणाला. “अभ्यास सोडणाऱ्याची उत्तरं त्याला परत करायची, असा आमचा नियम आहे. त्यांना नक्की दाखवा, काका.”

दार लागलं. बायकोनं भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. भिंगरावांनी हाक मारली, पण तिनं ‘उद्या’सुद्धा म्हटलं नाही.

मग ते लिफाफा घेऊन टेबलाशी बसले. पुरावा हातात होता. सगळ्यात वरचा फोटो खिडकीतून पाहिलं त्याच दिवसाचा निघाला. त्याच्यामागे संशोधकाचं अक्षर होतं, अगदी गिचमिड, पण त्यांना चटकन लागलं.

‘प्रश्न: मी येतो त्या तासाचा काय उपयोग व्हावा असं वाटतं?’

त्याखाली लिहिलं होतं, ‘तिसरं चित्र आपल्या संचात नव्हतं. काकू पाच आठवडे टिचकी मारून दाखवत होत्या, मला आज उमगलं. लाल पेन्सिलीचा हट्ट त्यांचाच.’

भिंगरावांनी चष्मा पुसला आणि फोटो उलटा करून डोळ्यांजवळ धरला. चौकोन खिडकीतून दिसला होता तेवढाच होता. पण कोपऱ्यांत पाय नव्हते. चार भोकं होती, आणि मधोमध, लाल रंगवलेली राणी.