आठ गुण कमी

"शिफारसपत्र काढ," बाबा म्हणाले.

मुलीने फाईल दोनदा उलटसुलट केली. "घरीच राहिलं वाटतं."

"वाटलंच होतं मला." त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून दुसरी प्रत काढली. "तुझ्या भरवशावर राहिलो असतो तर झालंच होतं."

दंतवैद्यक विभागाबाहेरच्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या होत्या. मागे सरकता येत नव्हतं, पुढेही नाही. समोरच्या दारावर नियम चिकटवला होता: जीवशास्त्रात किमान साठ गुण, कमी असल्यास मुलाखत. मुलीला बावन्न होते.

"त्यापेक्षा नापास झाली असतीस तर बरं," बाबा हळू आवाजात म्हणाले. "पुन्हा परीक्षेला बसवली असती. पास झालेल्याला तेही करता येत नाही. धड इकडे ना धड तिकडे."

बाबा दंतवैद्य होते, आजोबाही होते. दवाखान्यात तिच्यासाठी रुग्णाची दुसरी खुर्ची बसवूनसुद्धा झाली होती. तिच्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं, पण दर रविवारी बाबा ते स्वतः पुसत.

कारकून यादी घेऊन बाहेर आला. मुलीने त्याला विचारलं, "मुलाखतीतून किती जणांना घेतात?"

"दहातला एखादा."

मुलीने सावकाश श्वास सोडला.

"घाबरवू नका हो पोरीला," बाबा म्हणाले आणि तिच्याकडे वळले. "आत गेल्यावर तोंड उघड. दिवसभर लोकांना हेच सांगतो, सगळे मुकाट्याने उघडतात. घरच्याच माणसाची दातखीळ बसलेली."

आत विभागप्रमुख बाई एकट्याच होत्या. साठीच्या असाव्यात. चष्मा केसांत खोवलेला.

"दंतवैद्यच का व्हायचंय?"

"बाबांचा दवाखाना आहे."

"हे त्यांचं उत्तर झालं."

मुलीने मांडीवरची फाईल सरळ केली.

"बरं, दुधाचे दात किती?"

"आठवत नाही, मॅडम."

"दंतवैद्याची मुलगी ना गं तू?" बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "दुसरीकडे कुठे अर्ज केलायस?"

"भूगर्भशास्त्राला. तिथे पन्नासला घेतात. इथे नाही झालं तर उद्या तिथे नाव नोंदवायचं, असं ठरलंय. बाबा म्हणतात, दगडच फोडायचे असतील तर शिकायला कशाला हवं?"

बाई हसल्या नाहीत. त्यांनी एक पाकीट उघडलं.

"गुणपत्रिकेवर नुसती बेरीज असते. म्हणून आम्ही उत्तरपत्रिका मागवतो. लेखी भागात तुला साठपैकी बावन्न आहेत. पर्यायांच्या भागात चाळीसपैकी शून्य."

मुलीने टेबलाची कड धरली. "तो भाग मला जमत नाही."

"आधी मला वाटलं, खुणा करताना एक ओळ सरकली असेल. पण सरकली तरी आठदहा बरोबर येतातच. चाळीस प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय. डोळे मिटून ठोकून दिलं असतंस तरी दहाएक लागली असती."

"माझं नशीबच तसं आहे, मॅडम."

"इतकं वाईट नशीब कुणाचं नसतं, बाळ. चाळीसही चुकवायची, तर चाळीसही उत्तरं यावी लागतात." बाईंचा आवाज आता मऊ झाला होता. "वडिलांवरचा राग असेल, भीती असेल, मी विचारणार नाही. त्या वयात आम्हीही वेडेपणा केलाय. पण इतक्या काटेकोर हाताची मुलगी मी या विभागातून परत पाठवणार नाही."

त्यांनी प्रवेशाच्या कागदावर सही केली, शिक्का मारला आणि घंटी वाजवली. बाबा आत आले. कागद त्यांनी शेवटपर्यंत वाचला. त्यांनी बाईंना दोनदा नमस्कार केला, मग मुलीला घट्ट जवळ घेतलं.

त्यांच्या खांद्यावर हनुवटी टेकून मुलगी मनातल्या मनात पुन्हा बेरीज करत होती. लेखीतले दहा गुण सोडून पर्यायांत दहा उत्तरं बरोबर दिली असती, तरी बावन्नच झाले असते.