त्याचं सोवळं

नवऱ्याचे, श्रीपादचे, विसरलेले हातमोजे द्यायला दर्शना त्याच्या मित्राकडे पोचली. कॅल्गरीच्या कडाक्याच्या थंडीत श्रीपाद परसात धुरावर शिजवायच्या इलेक्ट्रिक स्मोकरला जाड ब्लँकेट गुंडाळत होता.

"झाकण उघडू नकोस," तो मित्राला बजावत होता. "आच उतरली की मटण कच्चं राहतं."

"या वहिनी!" मित्र हसला. "दर हिवाळ्यात हाच आमचा आचारी."

लग्नाआधी श्रीपादने एकच अट घातली होती: मांसमच्छी सोडायची. मालवणच्या दर्शनाने ती पाळली. माहेरच्या शेवटच्या भेटीत आईने तळलेले बांगडेसुद्धा तिने परत केले. आता आई नव्हती.

"घरात कधी आणलं नाही गं," श्रीपाद पुटपुटला.

मटण होईपर्यंत ती बर्फातच उभी राहिली. मग तिने ताटली मागितली. पण पहिला घास तोंडाशी नेताच तिला परत केलेले बांगडे आठवले, आणि तिने तो तसाच ताटलीत ठेवला.