मोरवालं घर

"घर घ्या. पण कमानीवरचा मोर काढाचा नाही. रंगबी बदलाचा नाही."

ललिताबाईंनी इसाराच्या कागदावर टेकवलेलं पेन उचललं.

निकेश हसला. "काकू, कमान पाडल्याबिगर गाडी आत कशी जाईन? का मोराच्या पाठीवर ठेवू?"

त्याच्या बायकोला, हर्षाला, हसू आलं नाही. तिला हे घर हवं होतं. तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीत, गॅलरीच्या कठड्याशी लोंबणाऱ्या चार वर्षांच्या खुशबूला धरून धरून ती थकली होती. इथे अंगण होतं, भिंत होती, फाटक होतं. आताही तिचा एक हात लेकीच्या मनगटावर होता.

भंडाऱ्याच्या या मिल लाइनीत राइस मिलवाल्यांनी हौसेनं घरं बांधली होती. प्रत्येकाच्या कमानीवर चुन्याचं काहीतरी घडवलेलं. लोक पत्ताही तसाच सांगत. हत्तीवालं, कमळवालं, मोरवालं. हत्ती आता कोचिंग क्लासच्या पाटीमागे गेला. कमळावर काच चढली. मोर तेवढा राहिला. दर दिवाळीला तोच हिरवा रंग, मोडलेला तुरा सिमेंटनं सांधलेला, खाली भर दिवसाही जळणारा बल्ब. पेपरवाल्यांनी 'वारसा जपणारी मालकीण' म्हणून ललिताबाईंचा फोटो छापला होता. आता नवऱ्याच्या उपचारासाठी त्यांना नागपूरला राहायला जावं लागत होतं.

"मोर अलगद कापून देतो ना काकू. नागपूरले घेऊन जा."

"तिथं त्याचा काय उपेग?"

हर्षा लेकीचं मनगट सोडून निकेशला समजवायला वळली. पुन्हा पाहिलं तर खुशबू नव्हती.

फाटक सताड उघडं होतं.

"लावत नाही का तुम्ही हे?" ती किंचाळली.

"कधीच नाही," ललिताबाई म्हणाल्या.

हर्षा अनवाणी धावली. रस्ता रिकामा. ती हाका मारत सुटली. तेवढ्यात वळणावर भाजीवाली शकुनबाई दिसली. तिचं बोट धरून खुशबू.

"पानठेल्यापाशी रडून राहिली होती. इचारलं, घर कोणतं व बाई तुवं? तं म्हणे, मोरवालं."

हर्षानं लेकीला उचललं ते खाली ठेवलंच नाही. आत आल्यावर निकेशनं कपाळाचा घाम पुसला. मग पेन ललिताबाईंपुढे सरकवलं.

"राहू द्या तुमचा मोर. गाडी बाहेर ठेवू. जुन्याची भारी हौस तुम्हाले, काकू."

"हौस नाही जी." ललिताबाई खुशबूकडे पाहत होत्या. "जत्रेत आमच्या लेकीचा, तुळसाचा हात सुटला, तवा एवढीच होती. आता या बाईएवढी असंल. तिले गावाचं नाव येत नव्हतं, बापाचं येत नव्हतं. 'मोरवालं घर', एवढंच येत होतं."