क्रियापद म्हणून

"कफ?" हितेंद्र सरांनी विचारलं.

"खोकल्यातला," मागून मंजुळाबाई म्हणाल्या आणि सगळ्या बायका हसल्या.

सरही हसले. देवपुरातल्या त्यांच्या इंग्रजीच्या क्लासमध्ये बायकांची ही नवी बॅच सुरू होऊन दहा दिवस झाले होते. "आज कपड्यांचे शब्द आहेत, मावशी. शर्टाच्या बाहीला असतो तो कफ. पण क्रियापद म्हणून अर्थ वेगळा. कोण सांगेल?"

"चापट मारणं," दिपमाला म्हणाली. ती पहिल्या बाकावर बसायची, सगळ्यांच्या आधी यायची.

"सॉक?"

"मोजा. आणि ठोसा लगावणं."

"बूट?"

"लाथ घालणं."

"बेल्ट?"

तिनं पाठीवरचा पदर सारखा केला. "पट्ट्यानं झोडपणं."

"शाब्बास. बघा, घरी अभ्यास केला की असं येतं."

रत्ना हे सगळं वहीत उतरवत होती. ती रेडिमेड कपड्यांच्या दुकानात कामाला होती. गिऱ्हाईक इंग्रजीत बोलायला लागलं की ती गांगरायची, म्हणून तिनं क्लास लावला होता.

मधल्या सुट्टीत दिपमाला बाथरूममध्ये तोंडावर पाणी मारत होती.

"तुम्हाला बरे सगळे अर्थ पाठ!" रत्ना म्हणाली.

दिपमालानं दाराला कडी घातली आणि पाठीवरचा पदर काढून ब्लाउज वर केला. दोन बोटं रुंदीचे वळ कमरेपर्यंत गेले होते. पट्ट्याचं बक्कल लागलं होतं तिथली कातडी उसवली होती.

"ह्यांना मोज्याचा जोड सापडला नाही म्हणून," ती म्हणाली. "आधी ठोसे. मग केस धरून ओट्यावर डोकं आपटलं. खाली पडले तर बुटांसकट लाथा."

रत्नानं तिचा पदर सावरून दिला. "पोलिसांत जा ना."

"जाते म्हटलं होतं. तेव्हा हे बोट मोडलं." करंगळी वाकडी जुळली होती. "जामनेरला भाऊ आहे, स्वप्नील. त्याच्याशी बोललेय. बुधवारी सकाळी नऊच्या बसनं निघते. तुम्ही बसस्टँडवर याल, अक्का? कुणी थांबलंय म्हटलं की पाय निघेल माझा."

"येते. घर कुठं तुमचं?"

"पाण्याच्या टाकीमागं, पिवळं. पण तिकडं येऊ नका. आणि कुणाला बोलू नका."

रत्नाच्या माहेरी शेजारच्या वनाक्काच्या किंकाळ्या ऐकू यायच्या. रत्नाचे वडील टीव्हीचा आवाज वाढवायचे. एका दुपारी किंकाळ्या थांबल्या आणि संध्याकाळी वनाक्काची तिरडी उठली. रत्ना तेव्हा चौदा वर्षांची होती.

मंगळवारी दिपमाला क्लासला आली नाही. नवरा बसस्टँडवर येऊन उभा राहिला तर दोघी बायका काय करणार? सोबत कुणी भक्कम माणूस हवा. क्लास सुटल्यावर ती मागं थांबली.

"सर, दिपमालाला तिचा नवरा मारतो. फार मारतो."

सर फळा पुसत होते. त्यांनी खुर्ची पुढं ओढून दिली. "बसा. तिनं स्वतः सांगितलं?"

"पाठ दाखवली."

"कोण आहे नवरा?"

"ते नाही बोलली. आपल्याकडं बायका कुठं नाव घेतात, सर?"

"खरंय." त्यांनी डस्टर खाली ठेवलं. "आणि आता?"

रत्नानं सगळं सांगितलं. जामनेर, भाऊ, नऊची बस. "तुमच्याकडं गाडी आहे. तिला घरातून स्टँडपर्यंत आणलं तर लई उपकार होतील."

सरांनी तिच्यासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. "बरं केलंत मला सांगितलंत. तुम्ही स्टँडवरच थांबा. घराकडचं मी बघतो."

रत्नाचे डोळे भरून आले.

बुधवारी ती साडेआठलाच स्टँडवर पोचली. नऊची बस लागली, भरली, निघून गेली. दिपमालाचा फोन बंद होता. सरांचा नुसता वाजत होता. पावणेदहाला तिनं रिक्षा केली.

टाकीमागच्या गल्लीत गर्दी होती. पिवळ्या घराच्या पायरीपासून ॲम्ब्युलन्सपर्यंत रक्ताचे थेंब सांडले होते. दिपमालाला स्ट्रेचरवरून नेत होते. जबडा एका बाजूला लोंबत होता, एक डोळा सुजेत बुडून गेला होता, केस रक्तानं टाळूला चिकटले होते. नाकपुडीत लाल बुडबुडा येत होता, फुटत होता. म्हणजे जिवंत होती.

ॲम्ब्युलन्सचं दार लागलं तसं रत्नानं शेजारच्या म्हातारीचा हात धरला. "आजी, हिला न्यायला आमचे क्लासचे सर यायचे होते. कुठं आहेत ते? त्या राक्षसानं त्यांनाही मारलं का?"

म्हातारीनं हात सोडवून घेतला.

"कोनता सर? तो इंग्रजीना?" ती म्हणाली. "तोच तिना नवरा शे, बाई."