रविवारचं हुमण

फ्रीज पिकअपवरून उतरवताना एक बाजू बाबलीनेच धरली होती. ती त्याला भलतीच जड झाली. वजनाने नव्हे. शेजारच्या कमळाक्षीवैनीचा मुलगा गौरेश खास आईसाठी पर्वरीहून तो घेऊन आला होता आणि मोठ्या तोऱ्यात सांगत होता, "आई, आता काही टाकायला नको, कुणाला द्यायला नको. रविवारचं माशाचं हुमण खुशाल मंगळवारी खा!"

बाबलीला वाटलं, हात सोडून द्यावा. पण खाली त्याचाच पाय होता.

मुळगावात रविवारी मासळी शिजत नाही ते घर एक तर सुतकातलं, नाहीतर बाबलीचं. आणि सोमवारी मासळीला कोणी शिवत नाही. इतर दिवशी उरलेलं हुमण सकाळी आटवून 'कालची कडी' म्हणून पावाबरोबर खातात, तिच्यासाठी सख्खे भाऊ भांडतात. पण रविवारच्या हुमणाला उद्या नसतो. हुमणाचं मातीचं कुंडलं त्याच रात्री रिकामं व्हायला हवं. म्हणून वर्षानुवर्षं दिवेलागणीला कुंपणापलीकडून हाक यायची, "बाबल्या, हुमण उरलां रे! फाल्या सोमार!"

"काय तुझी कटकट गे वैनी!" म्हणत बाबली उठायचा. शर्ट मात्र दुपारपासूनच घातलेला असायचा. सायकलवरून पाव विकत येणाऱ्या पोदेराकडून दोन गोल उंडे घेऊन ठेवलेले असायचे. रिकाम्या हाताने जायला तो काय भिकारी होता? खनिजाच्या ट्रकांवर जन्म गेला, खाण बंद पडली, लग्न राहून गेलं, पण हात कुणापुढे पसरला नाही. उरलेलं संपवायला जाणं वेगळं. तो शेजारधर्म. शिवाय जेवणाच्या बदल्यात तो गोष्टी सांगायचा. एकदा म्हणे त्याने एवढा थोरला बांगडा बघितला, की त्याचा काटा माडाला शिडीसारखा लावून नारळ पाडले. नवरा गेल्यापासून एकटी राहणारी वैनी हसून हसून डोळ्यांना पदर लावायची आणि आणखी एक पळी वाढायची.

आता हे सगळं त्या पांढऱ्या कपाटाने गिळलं होतं.

पहिल्या रविवारी बाबलीने शर्ट घातला नाही. पोदेर पोंपों करून निघून गेला, उंडे घेतले नाहीत. दिवेलागणीला चुलीवर पेज चढवली. आणि हाक आली.

"बाबल्या, लाईट गेली रे! फ्रीजात हुमण नासतलां! फाल्या सोमार!"

बटणं लावत लावत बाबली अंगणात आला आणि थबकला. देवळावरचा दिवा जळत होता. समोर राहणाऱ्या प्रभावतीच्या टीव्हीत कुणाची तरी सासू गळा काढून रडत होती. काळोख होता तो फक्त वैनीच्या घरात. हातात चिमणी घेऊन ती दारात उभी होती, आणि तिच्या मागे, भिंतीवर उंच, मेन स्विच खाली ओढलेला होता.

इतक्या वर्षांचं हुमण एकदम बाबलीच्या घशाशी आलं. ते कधी उरलंच नव्हतं. एकटी बाई, रोज लागतं तेवढंच रांधणारी, तिचं दर रविवारीच बरं उरायचं!

परत फिरावं असं त्याला वाटलं. पण चिमणीच्या उजेडात वैनीचा चेहरा दिसला, आणि जन्मभर थापा मारलेल्या माणसाने आणखी एक मारली. "अख्ख्या मुळगावात काळोख गे वैनी! येता येता दोनदा ठेचकाळलो."

"व्हय मां?" वैनी म्हणाली. "मग बस. जेव."

पुढे दर रविवारी मुळगावात एकाच घरची लाईट जाऊ लागली. इतक्या नेमाने ती कधी आलीसुद्धा नव्हती.

चवथीनंतरच्या एका रविवारी बाबली जेवून घरी आला. पाय धुतोय तोवर पलीकडे धाडकन काहीतरी आपटलं. स्विच वर करायला वैनी काळोखात स्टुलावर चढली होती. आता ती स्टुलाशेजारी पडली होती, पाय भलत्याच बाजूला वळलेला. "लाईट, बाबल्या," एवढंच ती म्हणाली. बाबलीने आधी स्विच वर केला आणि मगच गाव गोळा केला.

वैनीचा खुबा मोडला होता. दुसऱ्या दिवशी गौरेशने त्याला बाजूला घेतलं. "काका, खरं सांगा. आई म्हणते, अख्ख्या गावातली लाईट गेलेली. प्रभावतीकाकी म्हणते, कुठे काय?"

"तिला काय कळतं? कोंबड्यांबरोबर निजते ती," बाबली म्हणाला. "काळोख होता रे बाबा. मिट्ट काळोख."

गौरेश आईला पर्वरीच्या फ्लॅटवर घेऊन गेला. आता तिला एकटी ठेवणार नाही, म्हणाला. घराला कुलूप लागलं. फ्लॅटमध्ये त्याचा स्वतःचा मोठा फ्रीज होता, म्हणून हा त्याने कुंपणावरून बाबलीकडे पोचवला. "तुम्हीच ठेवा, काका. जेवण उरलं की बरं पडतं."

तेव्हापासून फ्रीज बाबलीच्या घरात घुरघुरत असतो. दार उघडलं की आत लख्ख उजेड पडतो. त्या उजेडात बघण्यासारखं काही नसतं.

रविवार आला. बाबलीने दुपारीच शर्ट घातला. पोदेराकडून दोन उंडे घेतले. दिवेलागणीला गावभर फोडण्यांचा वास सुटला, तेव्हा तो उठला, मेन स्विच खाली ओढला आणि उंडे मांडीवर घेऊन, कुंपणाकडे कान लावून काळोखात बसला.