माळावरचे खडे

माळाच्या फाटकाला कुलूप लागल्यापासून ताईने राखणदाराशी, म्हणजे आपल्या सख्ख्या भावाशी, बोलणं टाकलं होतं. "मोकळी जमीन सगळ्यांची असते, तुझ्या एकट्याची नाही," एवढं सुनावून ती गेली होती. शेवटी एका सकाळी तोच तिला घेऊन आला. फाटकाशी चपला काढायला लावल्या आणि म्हणाला, "मी जिथे पाय ठेवीन, तिथेच ठेव."

थोडं आत गेल्यावर ती करवादली, "यात राखण्यासारखं आहे काय? नुसते खडे!"

तिच्या आवाजासरशी सगळा माळच हलला. मातीच्याच रंगाचे शेकडो पक्षी जमिनीवरून उठले आणि डोक्यावर घिरट्या घालू लागले. तिने दचकून खाली पाहिलं. पायाशी पडलेल्या ठिपक्याठिपक्यांच्या खड्याला बारीक तडा गेला आणि त्यातून एक चोच बाहेर आली. मग तिला सगळीकडे तेच दिसू लागलं. नजर पोचेल तिथवर, उघड्या जमिनीवर, अंडीच अंडी. उचललेला पाय कुठे टेकवावा, हे तिला कळेना.

झाली हिची बोलती बंद, भाऊ मनात म्हणाला आणि त्याने खिशातली किल्ली चाचपली.

ताईने डोळे पुसले. "आणि हे," ती कुजबुजली, "तू कुणाला दाखवणारच नाहीस?"

दुसऱ्या दिवशी फाटक उघडलं. मोजकीच माणसं, अनवाणी, एकामागे एक आत निघाली. सगळ्यांत पुढे ताई होती, भावाच्या कालच्या पावलांवर पाय ठेवत. माळावरून एकही पक्षी उडाला नाही.